टोपलीतल्या दोनशे तेरा नक्षी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २८ ऑगस्ट २०२३

प्रिय हेमा,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन करायचा सोडून पत्र का लिहितेय म्हणशील, तर मागच्या महिन्यातला आपला फोन आठव. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर माझे कान असे झालेत की फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. तू कुणाच्या तरी मयताचं सांगत होतीस आणि मी इकडून "वा वा, छान झालं" म्हणत होते. माझा फोन साधा बटणांचा. श्रीशैलच्या फोनवर तू काही लिहून धाडलंस तर माझा लेक ते माझ्याआधी वाचणार, आणि हे प्रकरण त्याला कळता कामा नये.

प्रकरण असं. जुलैत एक दिवस धो धो पाऊस झाला आणि आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ऑफिसचं छत गळलं. छताखाली यांची पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत यांनी आयुष्यभर आलेख कागदावर चौकोन भरून भरून काढलेल्या चादरींच्या सगळ्या नक्षी होत्या. आम्हाला कळायला चार दिवस लागले. उघडली तर कागदांचा लगदा झालेला. हे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "गेलं ते गेलं," आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हापासून कारखान्यात पाऊल ठेवलेलं नाही. बाजारात लोक "गुरुबसप्पाची नक्षी दाखवा" म्हणून चादर मागायचे, त्या माणसाने आता पेन्सिल उचलायचीच सोडली आहे. हेमा, मला ते बघवत नाही.

आता ऐक. लॉकडाऊनमध्ये माग बंद होते तेव्हा श्रीशैलने वेळ जात नाही म्हणून हे सगळे कागद यंत्राखाली धरून त्यांचे फोटो कॉम्प्युटरमध्ये घातले होते. परवा सहज विचारलं तर म्हणाला, "असतील की आई कुटंतरी आत, लई पसारा हाय त्यात, बघू सवडीनं." त्याला सवड कधीच नसते. आणि मी हात लावते म्हटलं तर म्हणतो, "तू त्याच्या नादाला लागू नको."

मला नादाला लागायचंच आहे. २९ ऑक्टोबरला यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी सगळ्या नक्षी यांच्यासमोर मांडायच्या. आधी सांगून आशा लावायची नाही, कारण सापडल्या नाहीत तर दुसऱ्यांदा हरवल्यासारखं होईल. दुपारी दोन ते चार श्रीशैल सुताच्या बाजारात असतो, तेवढा वेळ ऑफिसातला कॉम्प्युटर माझा. तू तीस वर्षं सोलापूरच्या निम्म्या पोरींना टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकवलास. आता या एका म्हातारीला शिकव. पत्राने शिकव, म्हणजे कागद शेजारी ठेवून करता येईल.

तुझी, चौथीपासून एकाच बाकावरची,
दाक्षा

*

केम, २ सप्टेंबर २०२३

प्रिय दाक्षा,

मयत झालेल्या माणसाच्या वतीने मी तुला माफ केलं आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं सांगू, क्लास बंद करून इथे दिरांच्या कुंकवाच्या कारखान्यात राहायला आल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. पुतण्या मोबाइलवर सगळं करतो आणि मला म्हणतो, काकू तुम्ही आराम करा. आराम करून करून अंग दुखायला लागलं होतं. त्यामुळे तू माझ्यावर उपकार केलेस, आणि दाजींच्या नक्षींसाठी मी लागेल तितकी शाई खर्च करीन. श्रीशैलला माझ्याकडून एक अक्षर कळणार नाही, शप्पथ.

आता नीट बस. पाठीला ताठ.

कॉम्प्युटरमध्ये जे काही ठेवलेलं असतं, एक चित्र असो की एक बिल, त्या एकेका वस्तूला फाईल म्हणतात. पुष्कळ फाईली एकत्र ठेवायच्या कप्प्याला फोल्डर म्हणतात, त्याचं चित्र पिवळ्या पाकिटाचं असतं. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा, असं कितीही आत जाता येतं, आणि तुझा मुलगा नेमका तिथेच हरवला आहे. कप्प्यावर माऊसने दोनदा टकटक केलंस की तो खिडकीसारखा उघडतो. काम झालं की उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून खिडकी लावायची. लावायचीच, दाक्षा. तुला लहानपणी डबा खाऊन झाकण न लावायची खोड होती, म्हणून सांगते.

श्रीशैलने फोटो एकदोन दिवसांतच काढले असणार. म्हणून कप्पा उघडलास की फाईली तारखेप्रमाणे लावून बघ, एका दिवशीचं सगळं एका ओळीत येईल. कसं करायचं ते मागच्या पानावर चित्र काढून दिलं आहे. तिथेच "मोठी चित्रं" असंही एक आहे, ते निवडलंस की फाईल न उघडता नक्षी दिसेल. फाईलचं नाव बदलायचं तर तिच्यावर एकदा टिचकी मारून वरच्या रांगेतलं एफ टू बटण दाब, नवं नाव लिही, एंटर कर.

आणि शेवटचं, लाल शाईने लिहिते आहे. डिलीट नावाचं एक बटण आहे. त्याला हात लावायचा नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

तुझी मास्तरीण,
हेमा

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ११ सप्टेंबर २०२३

प्रिय हेमा मास्तरीणबाई,

सापडल्या. आधी तेच लिहिते.

पहिले तीन दिवस काही विचारू नकोस. खिडकी लावायला विसरू नको म्हणालीस, मी विसरले. एकावर एक अशा तेवीस खिडक्या झाल्या आणि यंत्र गपगार. हलेना की बोलेना. शेवटी भिंतीवरचा खटका बंद केला आणि श्रीशैल आल्यावर "वीज गेली होती" म्हणाले. त्याच वेळी बाहेर बाराही माग चालू होते. माझ्याकडे विचित्र बघून गेला.

चौथ्या दिवशी तारखेप्रमाणे लावलं. बिलं, कुठल्याशा लग्नाचे फोटो, टॉवेलचे नमुने, सगळं सरकत गेलं आणि एकदम जून २०२० च्या दोन दिवसांची ओळच्या ओळ लागली. मोठी चित्रं केली. हेमा, पडदाभर यांचे चौकोन. पेरूची फांदी, पंख मिटलेला मोर, सिद्धेश्वराच्या तळ्यातली कमळं. कागदावर चहाचा डाग पडला होता तोसुद्धा आलाय. मी एकटीच ऑफिसात मोठ्याने रडले. मागांच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय. बाहेर आमची कामगार चिमाबाई सुताच्या कांड्या भरत होती, तिने काचेतून बघितलं आणि पाणी आणून दिलं. तिला सांगावंच लागलं. ती कुणाला बोलणार नाही. ती आपल्या टोपलीतल्या कांड्यांचासुद्धा हिशोब कुणाला देत नाही.

एकूण दोनशे तेरा आहेत. श्रीशैलने एकालाही नाव दिलेलं नाही, नुसते स्कॅन आणि आकडा. म्हणून मी रोज दहा-बारा नक्षींना नाव देते. नाव मला आठवतं तसं, म्हणजे ती चादर पहिल्यांदा कुणासाठी विणली ते. "गुरम्माच्या बाळंतपणाची", "माढ्याच्या पाहुण्यांची", "मागदुरुस्तीवाल्या जॉबरच्या बहिणीच्या लग्नाची". यांनाही त्या तशाच आठवतात. नाव दिलेली नक्षी बाकी पसाऱ्यात परत मिसळू नये म्हणून एक जागा ठरवली आहे, पडद्यावर समोरच आहे. माऊसने उचलून तिथे नेऊन सोडते. डिलीटकडे बघितलंही नाही. त्यावर मी टिकली चिकटवून ठेवली आहे.

एकशे सतरा नंबरची एक आहे, तिचं नाव मात्र सुचत नाही. ती तशीच ठेवली.

तुझी आज्ञाधारक,
दाक्षा

*

केम, १७ सप्टेंबर २०२३

प्रिय दाक्षा,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. सूनबाईला वाटलं माकड आलं.

डिलीटवर टिकली लावणारी विद्यार्थिनी तीस वर्षांत मिळाली नव्हती. शंभरपैकी शंभर. नाव दिलेल्या फाईलींसाठी वेगळी जागा केलीस हे मी सांगायच्या आधी सुचलं, याचे आणखी पाच. आता फक्त एक, पुन्हा यंत्र अडलं तर भिंतीवरचा खटका दाबू नकोस, त्याने आतलं बिघडतं. कोणता प्रोग्रॅम अडला आहे ते बघून तेवढ्यालाच घरी पाठवायचं. एक माग अडला म्हणून तू अख्ख्या कारखान्याची वीज घालवतेस का? कोणती तीन बटणं एकदम दाबायची ते मागे लिहिलं आहे. त्यात एक डिलीटच आहे, पण ते दोघांच्या सोबतीने असलं तर निरुपद्रवी असतं. तेवढ्यापुरती टिकली काढायला परवानगी.

सोबत आमच्या कारखान्यातलं कुंकू पाठवते, पाव किलो. केमचं कुंकू सोलापूरच्या देवघरात असतंच, पण हे मी स्वतः चाळलेलं आहे. यंदा खंडेनवमीला मागांबरोबर त्या कॉम्प्युटरचीही पूजा कर. त्याने तुला दोनशे तेरा नक्षी परत दिल्या, त्याचा मान त्याला मिळाला पाहिजे.

एकशे सतरा कशी आहे ते लिही की. तुला दहावीतल्या पोरींचे हजेरीचे नंबर अजून पाठ आहेत आणि एका चादरीचं नाव सुचत नाही, हे मला पटत नाही.

हेमा

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १६ ऑक्टोबर २०२३

प्रिय हेमा,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. गणपती आले, गौरी आल्या, मग पितृपंधरवडा, आणि मधल्या प्रत्येक दुपारी मी कॉम्प्युटरपुढे. पण आज लिहिते ती फुशारकी मारायलाच. काम संपलं. दोनशे बारा नक्षींना नावं झाली आणि त्या एकशे सतरासकट सगळ्या एका जागी पोचल्या. कप्प्यांत आता माझी एकही नक्षी इकडेतिकडे नाही.

जागा कशी निवडली तेही सांगते, त्यात माझं डोकं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक टोपलीचं चित्र आहे. आपल्या कारखान्यात प्रत्येक मागाशेजारी टोपली असते ना, अर्धं सूत उरलेल्या कांड्या तिच्यात पडतात, आणि चिमाबाई त्या पुन्हा मागावर चढवते. टोपलीतलं कुणी फेकत नाही. झाडूवाल्यालासुद्धा तिच्याजवळ फिरकू देत नाहीत. मला वाटलं यंत्रवाल्यांनीही तीच सोय केली आहे, पुन्हा विणायचं ते टोपलीत. मोठं शिस्तीचं काम आहे. ठेवताना दर वेळी विचारतं, खात्री आहे का. मी होय म्हणते. आणि एकदा आत गेली की नक्षी उघडत नाही, टकटक केलं तर नुसती माहितीची चिठ्ठी दिसते. म्हटलं, चांगलंच की, कुलूपबंद राहिल्या.

कॉम्प्युटर अलीकडे फार मंद झालाय अशी श्रीशैलची कुरकुर आहे. म्हणून सोमवारी, खंडेनवमीच्या सकाळी, त्याचा मित्र संगमेश येऊन तो आतून साफ करून देणार आहे. दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मागांना जसं आदल्या दिवशी पुसून तेल देतात तसंच म्हण. बरंच झालं, यांच्या वाढदिवसाला यंत्र चपळ होईल.

एकशे सतराचं काय घेऊन बसलीस. ज्वारीच्या भरल्या कणसांची आहे, काठाला पाखरांची रांग. असेल कुणाचीतरी.

दाक्षा

*

सोमवार, २३ ऑक्टोबर, सकाळ
केमहून सुटलेल्या गाडीत

दाक्षा,

हे पत्र टपालात टाकायचं नाही, हातात घेऊन येते आहे. तुझ्या कानांचा भरवसा नाही आणि बाहेर माग चालू असतील तर माझाही आवाज पोचायचा नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिते. भेटल्याबरोबर वाच, मग मला शिव्या घाल.

ती टोपली कचऱ्याची आहे. टाकून दिलेल्या वस्तू तिच्यात जातात. आणि साफ करणारा माणूस सगळ्यात आधी तीच रिकामी करतो.

चूक तुझी नाही, माझी आहे. तुला डिलीटची भीती घातली आणि टोपलीबद्दल एक शब्द लिहिला नाही. जागा केलीस म्हणालीस, तेव्हा कुठे केलीस हे विचारायला हवं होतं. पहिलीतल्या पोरीलासुद्धा मी विचारलं असतं.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी मिळालं. काल तुला चार वेळा फोन केला. मी ओरडत होते, तू म्हणत होतीस, "येतेस का? ये ये, दसऱ्याला ये, पुरणाचे होळगे करते." श्रीशैलचा नंबर माझ्याकडे नाही. पुतण्या शोधून देतो म्हणाला, पण मी शपथ घेतली होती, आणि खरं म्हणजे मला वाटलं की हे मी स्वतः निस्तरावं. आता गाडी कुर्डुवाडीला उभी आहे आणि मला वाटतंय, शपथ गेली खड्ड्यात, फोन करायला हवा होता.

देवा सिद्धेश्वरा, त्या संगमेशला उठायला उशीर होऊ दे.

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २७ ऑक्टोबर २०२३

प्रिय हेमा,

तू परवा गेलीस आणि घर सुनं झालं. दिवाळीआधी कुंकवाची घाई असते हे मान्य, पण दोन दिवस राहून रविवारचा वाढदिवस टाकून कुणी जातं का? असो. तू पोचायच्या आधी काय झालं ते तुला धड सांगायचं राहून गेलं. तेव्हा हसायलाच वेळ गेला.

संगमेशला उठायला उशीर झाला नव्हता. नऊलाच हजर. पण मी आठपासून ऑफिसात. सगळे माग आदल्या दिवशी धुऊन पुसून तयार होते, झेंडूच्या माळा आल्या होत्या. तू सांगितलं होतंस म्हणून मी पहिला मान कॉम्प्युटरला दिला. पडद्याला तुझं कुंकू, खालच्या डब्याला हळदीची बोटं, माऊसला फूल, वरून नवा कोरा टॉवेल, आणि सगळ्याला मिळून एक माळ. इतक्यात संगमेश पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, अर्ध्या तासाचं काम हाय."

मी म्हटलं, "पूजा झाली. आज हत्याराला हात न्हाय."

तो श्रीशैलकडे बघायला लागला. श्रीशैल म्हणाला, "आई, ते माग न्हाय, कॉम्प्युटर हाय." मी म्हटलं, या कारखान्यात जे कामाला लागतं ते सगळं हत्यार. तुझ्या आज्याने कातरीलासुद्धा या दिवशी बोट लावलं नाही. संगमेशही आपल्यासारख्याच घरातला, त्याच्याच दुकानात त्याच्या आईने स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून ठेवले होते म्हणे. त्यालाही पुढे बोलवेना. प्रसाद घेऊन खुर्चीत बसला.

आणि मग साडेअकराला तू. रिक्षातून उतरून धावत, पिशवी एकीकडे, चप्पल एकीकडे, हातात कागद फडकवत. मी कागद वाचला. तू सरळ कॉम्प्युटरकडे निघालीस आणि मी तुझा हात धरला, ते तू आता सगळ्या केमभर सांगत असशील. पण हेमा, मी संगमेशला नाही म्हटलं होतं. तुला हो कसं म्हणू? आणि माळ तशीच राहिली तर टोपली कोण रिकामी करणार होतं? दिवसभर तू त्या यंत्राकडे आणि मी तुझ्याकडे बघत बसलो. तुझ्या इतक्या शिव्या मी लग्नानंतर पहिल्यांदाच खाल्ल्या, आणि माग बंद असल्यामुळे सगळ्या ऐकूही आल्या.

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन झाल्यावर तू माळ काढलीस आणि टोपली उघडलीस. दोनशे तेरा. एकही कमी नाही. नवा फोल्डर केलास, मला म्हणालीस, नाव तू लिही. मी आयुष्यात यांचं नाव तोंडाने घेतलं नाही उखाण्याशिवाय, आणि तिथे दहा-अकरा बटणं दाबून लिहिलं, गुरुबसप्पा. श्रीशैल मागे उभा राहून बघत होता. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, मी तीन वर्षांत जे केलं न्हाय ते तू दुपारच्या दोन तासांत केलंस." मग संगमेशने त्या सगळ्याची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढून दिली आणि हात जोडून मला म्हणाला, मावशी, तुम्ही काल मला वाचवलंत.

परवा रविवार आहे. यांना अजून काही माहीत नाही. कारखान्यात चला म्हणून कसं न्यायचं याच्या चिंतेत आहे.

दाक्षा

ता. क. तू जाताना पुन्हा एकशे सतराचं विचारलंस आणि मी चहा ठेवायला आत गेले. मुद्दाम गेले. विचारू नकोस.

*

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ८ नोव्हेंबर २०२३

सौ. हेमाक्का यांस गुरुबसप्पाचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. हात थरथरतो, अक्षर वाकडं येईल, सांभाळून घ्या. दाक्षायणीने हे पत्र बघितलेलं नाही. ती अडीच महिने माझ्या पाठीमागे पत्रं लिहीत होती, मी एक तरी लिहावं.

वाढदिवसाच्या रविवारी मला कारखान्यात नेलं ते खोटं बोलून. माग नंबर सात अडलाय, तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही, असं श्रीशैल म्हणाला. मी गेलो तर सात नंबर झकास चालू होता आणि सगळे कामगार ऑफिसात दाटीवाटीने उभे. मला खुर्चीत बसवलं. दाक्षायणी शेजारी बसली आणि तिने बटण दाबलं.

हेमाक्का, मला पुढे काय लिहावं कळत नाही. एकेक नक्षी येत होती आणि तिच्याखाली नाव. गुरम्माच्या बाळंतपणाची. माढ्याच्या पाहुण्यांची. ही सगळी माणसं मी विसरून गेलो होतो असं वाटत होतं आणि ती एकामागून एक येऊन माझ्यासमोर उभी राहत होती. मी भिंतीकडे तोंड करून तीन महिने घालवले, आणि ही बाई त्यातले दोन महिने मला दुपारी झोपवून एमआयडीसीत जात होती. मी रडलो, सगळ्यांसमोर. पंचाहत्तर वर्षांचा झाल्यावर तेवढी मुभा असावी.

मग एक नक्षी आली तिच्याखाली नावच नाही. नुसता आकडा. ज्वारीची कणसं, काठाला पाखरं. मी विचारलं, हिला नाव का दिलं नाहीस? ती म्हणाली, आठवत नाही. तिला आठवत होतं, आणि मलाही.

१९८६ साली मला विषमज्वर झाला, महिनाभर अंथरुणावर होतो. बाजारात द्यायची नवी नक्षी तयार नव्हती. ही स्वयंपाक आवरून माझ्या पायाशी बसायची आणि आलेख कागदावर चौकोन भरायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, माझं बघून शिकलेली. ती चादर निघाली आणि तिने आमचं नाव केलं. बाजारात "गुरुबसप्पाची नक्षी" म्हणायचे ना, ते आधी या चादरीला म्हणायला लागले. लोक मला येऊन शाबासकी द्यायचे आणि मी घ्यायचो. एकदा घेतली, मग सांगायला तोंड राहिलं नाही. सदतीस वर्षं मी गप्प राहिलो. तीही राहिली. आता माझ्या सगळ्या नक्षींना नावं देताना ही एक तिने तशीच ठेवली. माझं नाव तिला देववेना आणि स्वतःचं लिहिणं शोभेना.

मी खुर्चीतून उठलो आणि सगळ्यांना म्हटलं, "ही माझी न्हवं. ही हिची हाय."

ती "बेडा, बेडा" म्हणून माझा हात ओढायला लागली, नको, आता कशाला म्हणून. मी म्हटलं, नाव कसं बदलायचं ते सांग. ती सांगेना. शेवटी चिमाबाई म्हणाली, वरच्या रांगेतलं तिसरं बटण. ती काचेतून बघून शिकली होती. मी एफ टू दाबलं आणि एकेक अक्षर शोधत हिचं नाव लिहिलं. बोट दोनदा घसरलं, पुसून परत लिहिलं. कामगार उभे होते, कुणी घाई केली नाही.

सोबत एक चादर पाठवतो. छत गळल्यापासून जुनी नक्षी मागावर चढली नव्हती, आता पहिली कुठली चढवायची असं श्रीशैलने विचारलं. मी म्हटलं एकशे सतरा. काठाशी कारखान्याचं नाव विणतात त्या जागी काय विणलं आहे ते बघा. पहिली चादर घरात ठेवली, दुसरी तुमची. तुम्ही कुर्डुवाडीला गाडीत बसून जे पत्र लिहिलंत ते मी वाचलं आहे. असं माणूस तिला चौथीत मिळालं, हे तिचं नशीब आणि माझंही.

मी पुन्हा पेन्सिल हातात घेतली आहे. रेघ थरथरते. दाक्षायणी म्हणते, थरथरू दे, पाणी काढा. म्हणून तळ्याची नक्षी काढतो आहे.

आपला,
गुरुबसप्पा

हेमा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, तेव्हा मी वाचणार हे यांना कळायला हवं होतं. वाचलं. आता डोळे पुसून चार ओळी लिहिते, कारण मास्तरीणबाईंना अहवाल द्यायचा आहे.

एकशे सतराला आता नाव आहे. मी कॉम्प्युटर उघडते तेव्हा आधी तिथे जाऊन ते वाचून येते, मग कामाला लागते. श्रीशैलने दुपारच्या दोन ते चारऐवजी सकाळपासूनच ती खुर्ची मला दिली आहे. त्या फाईलची प्रत मी तीन ठिकाणी ठेवली. टोपलीत एकही नाही, आज सकाळीच उघडून बघितलं.

दाक्षायणी